वलगावच्या बेंजोवरचं इंग्रजी गाणं

वलगावात कुंदनचं घर विचारलं तर लोक आधी उलटं विचारतात, कोणता कुंदन? कोबीवाला का बेंजोवाला? माणूस एकच. पहाटे फुलकोबी काढून अमरावतीच्या बाजारात नेणारा तोच, आणि लग्नसराईत जीपवर बांधलेल्या भोंग्यांच्या मधोमध, लाल कोट घालून बेंजो वाजवणारा तोच. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचं तारांचं वाद्य. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. त्याला वीज जोडली की सगळ्या गावाला ऐकू जातं, ज्याला ऐकायचं नाही त्यालासुद्धा.

बारावीत नापास झाला त्या साली कुंदन अमरावतीत एका कॅसेटच्या दुकानात चार महिने होता. दुकान बंद पडलं तेव्हा मालकानं निरोपाला खोकंभर जुन्या कॅसेटी दिल्या. इंजिनिअरिंगच्या पोरांनी गाणी भरायला टाकलेल्या आणि कधी न नेलेल्या. त्यातल्या एकीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. तिच्यात एकच इंग्रजी गाणं, आठ मिनिटांचं. सत्तरच्या दशकातल्या कुण्या केसाळ विलायती पोरांनी ते वाजवलंय, हे त्याला पुढं पंधरा वर्षांनी मोबाइल आल्यावर कळलं. तोवर त्या गाण्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं. एक माणूस दबक्या आवाजात काहीतरी सांगत राहतो, मग ड्रम चढतात, माणूस ओरडतो, आणि मग एकदम गप्प होतो. पुढची साडेतीन मिनिटं नुसती गिटार.

"काय म्हंते वो थो?" बायको रागिणीनं लग्नानंतर विचारलं होतं.

"मले काय मालूम. बोलू बोलू थकला बिचारा, आता हातानं सांगून राह्यला."

ती साडेतीन मिनिटं बेंजोवर बसवायला कुंदनला दोन वर्षं लागली. गिटारवाला तार ओढून सूर वाकवतो. बेंजोला ती सोय नाही, तिथं बटण दाबलं की ठरलेला सूर. कुंदननं बटणाच्या मागून, नसलेल्या जागेतून अनामिका घातली आणि तो तार ओढायला शिकला. बोटाला घट्टे पडले, तारा तुटल्या, शेजारच्या म्हातारीनं शिव्या दिल्या. पण सूर वाकला.

ज्या बँडपार्टीत तो वाजवायचा ती खुशालराव मास्तरांची. मास्तर जुन्या वळणाचे. त्यांचा एक नियम होता: वरात निघायच्या आधी मास्तरानं स्वतः पायी रस्ता पाहून यायचा. कुठं कोण आजारी आहे, कुठं मयत झाली आहे. दुखवट्याच्या घराआधी पन्नास पावलं वाजवणं बंद, पन्नास पावलं पुढं गेल्यावर चालू. नवरदेवाचा बाप गरम झाला तर होऊ द्यायचा. गुडघे गेले तेव्हा मास्तरांनी पार्टी कुंदनच्या हाती दिली आणि एवढंच सांगितलं, "पाहुने दोन घंट्यानं चालले जातीन. तुले याच गावात राहाचं हाय."

कुंदननं दहा वर्षं तो नियम पाळला. मागच्या मे महिन्यापर्यंत.

त्या मे महिन्यात जानरावांची बायको पार्बताबाई गेली. जानराव म्हणजे कुंदनच्या मळ्याला लागून ज्यांचा मळा, मेथी आणि सांबार लावणारे. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. कुंदनच्या बापाच्या मागं शेतातली सगळी अक्कल त्याला जानरावांनीच दिलेली. पार्बताबाईच्या मातीला कुंदन गेला, खांदा दिला. आणि पाचव्या दिवशी त्याच गल्लीवरून वरात होती. लग्न सहा महिन्यांआधी ठरलेलं, तारीख हलत नव्हती. कुंदन सकाळीच रस्ता पाहून आला. जानरावांच्या घराअलीकडे शाळेची भिंत संपते, तिथं थांबायचं हे त्यानं ठरवलं. ड्रमचं विजेवरचं पॅड वाजवणाऱ्या ललितला बजावलं, "मी डोये मिटून वाजवतो. भित आली का माह्या खांद्यावर हात ठेवजो."

दुपारचे साडेचार. नवरदेवाचे दोस्त पुण्याहून आलेले, नाचून नाचून घामेजलेले. त्यातला एक ओरडला, "काका, काहीतरी इंग्लिश येतं का?" आजवर कुंदनला हे कुणी विचारलं नव्हतं. पंचवीस वर्षं तो ते गाणं घरात, मळ्यात, पाण्याच्या मोटारीच्या आवाजाआड वाजवत होता. तो म्हणाला, "येते नं." आणि सुरू केलं. पोरं आधी हसली. मग हसायची थांबली. एकानं मोबाइल काढला.

शाळेची भिंत आली तेव्हा ललितनं खांद्यावर हात ठेवला. कुंदनला तो लागला. त्याला वाटलं, ही एक ओळ होऊ दे. जीप पुढं सरकली. ललितनं पॅड बंद केलं, तरी भोंग्यातून बेंजो चालूच. कुंदननं डोळे उघडले. समोर जानरावांची ओसरी होती. डोकं भादरलेला त्यांचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता, सून वर्षाली दार ओढून घेत होती, आणि जानराव रस्त्यावर उतरून, दोन्ही हात डोक्याच्या वर करून उभे होते. थांबा म्हणत होते. तोंडानं म्हणत होते की नुसते हातानं, ते भोंग्यांत कळलं नाही.

गाणं संपायला अर्धं मिनिट उरलं होतं. सगळ्यात वरचा, वाकवायचा सूर तिथंच होता.

कुंदननं डोळे मिटून घेतले आणि वाजवलं.

संध्याकाळी तो जानरावांकडं गेला. पायाच पडला. तोंडातून शब्द निघायच्या आधी जानरावच म्हणाले, "जाऊ दे लेका. डोये मिटले व्हते तुहे. मानसाले नाई दिसत कवा कवा." मागून वर्षाली काही बोलायला लागली तर तिला त्यांनी हातानं गप्प केलं. "दिसलं असतं तं थांबला असता थो. मी लहानपनापासून पाहून राह्यलो त्याले."

कुंदननं मान हलवली. घरी येऊन जेवला. गावात ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, तंद्री लागली होती. ललितनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. पुढच्या दोन वरातींना यायचं त्यानं टाळलं.

इथवरच थांबलं असतं तर कुंदननं कदाचित पचवलंही असतं. पण पुण्याच्या पोरानं तो व्हिडिओ टाकला. पावणेदोन मिनिटांचा. पंधरा दिवसांत नऊ लाख लोकांनी पाहिला. परदेशातून लोक लिहायला लागले. कुणी रडण्याची चित्रं टाकली. कुणी म्हणालं, मूळ गिटारवाल्याला हा दाखवा. आणि सगळ्यांना दोन गोष्टी आवडल्या: वाजवणाऱ्याचे मिटलेले डोळे, आणि गाण्यात बेभान होऊन हात वर केलेला पांढऱ्या धोतरातला म्हातारा.

जानेवारीत अकोल्याहून बोलावण्याचा फोन आला.

अकोल्यात 'आठ मिनिटं' नावाचं एक मंडळ आहे. पस्तीस-चाळीस लोक. वर्षातून एका रविवारी सकाळी अकराला चिंतामणराव वकिलांच्या माडीवर जमायचं आणि ते एकच गाणं जुन्या तबकडीवर एकदाच ऐकायचं. नंतर चहा, आलूबोंडे आणि दुपारपर्यंत गप्पा, त्याही गाण्याच्याच. बत्तीस वर्षं हे चालू आहे. कुंदन बेंजो चादरीत गुंडाळून बसनं गेला. चपला कुठं काढाव्या इथपासून त्याला पंचाईत. पण वकीलसाहेब जिन्यापर्यंत घ्यायला आले.

"या, कुंदनराव. तुमची वाट पाहतोय सगळे. इथं एकच कायदा आहे, गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही. आमच्या एका मेंबरला बायपासनंतर इथंच ठसका लागला, बिचारा तोंडात रुमाल कोंबून बसला होता."

"आणि तुम्ही त्याला पाणीसुद्धा दिलं नाही," इंग्रजी शिकवणाऱ्या अनुपमाताई म्हणाल्या.

"दिलं. आठ मिनिटांनंतर दिलं."

सगळे हसले. कुंदनही हसला. ही माणसं त्याला आवडली. एक रिटायर्ड बँकवाले होते, त्यांनी ते गाणं नागपूरच्या होस्टेलात भिंतीला कान लावून ऐकलं होतं, कारण रेकॉर्डप्लेअर शेजारच्या खोलीत आणि त्या खोलीशी भांडण. वकीलसाहेब केस हरले की घरी येऊन तेच लावतात. "बायकोला खालूनच कळतं निकाल काय लागला ते." अनुपमाताईंचा थोरला भाऊ ती तबकडी मागं ठेवून तिशीत गेला होता, मंडळ वाजवतं ती तीच. त्यांनी ती कापडानं पुसली, सुई ठेवली, आणि पस्तीस माणसं मान खाली घालून बसली. कुंदननं पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते गाणं दुसऱ्या कुणाबरोबर ऐकलं. त्याच्या शेजारचे बँकवाले रडत होते आणि ते पुसत नव्हते. कुंदनला वाटलं, आपण एकटे येडे नव्हतो.

मग त्याला वाजवायला लावलं. त्यानं वाजवलं. ते चांगलं झालं. अनुपमाताईंनी येऊन त्याची डाव्या हाताची अनामिका धरून पाहिली, जशी डॉक्टर नाडी पाहतो.

आणि मग वकीलसाहेबांनी भिंतीवर व्हिडिओ लावला.

भिंतीएवढा. शाळेची भिंत, जीप, लाल कोट. वकीलसाहेबांनी एका जागी थांबवला. "हे बघा. इथं, एक क्षण, कुंदनराव डोळे उघडतात. समोर ते आजोबा. आणि बघा, परत मिटतात. मी हे शंभरदा पाहिलंय. ऐकणाऱ्याचं आणि वाजवणाऱ्याचं असं कधी जुळत नसतं हो. त्या म्हाताऱ्याला इंग्रजीचं अक्षर येत नसेल, पण हात बघा त्याचे."

टाळ्या वाजल्या. भिंतीवर जानराव दोन्ही हात वर करून थांबलेले. कोपऱ्यात अर्धवट ओढलेलं दार होतं, ते कुणी पाहिलं नाही.

"कोण आहेत हे?" अनुपमाताईंनी विचारलं.

खरं सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पण पस्तीस माणसं त्याच्याकडं अशी पाहत होती, जसं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"आमच्या बाजूचेच हायेत," तो म्हणाला. "जानराव काका. शौकीन हायेत."

"पुढच्या वर्षी आणाच त्यांना. पुढं बसवू."

निघताना त्यांनी दोन टी-शर्ट दिले. काळे, छातीवर व्हिडिओतला तोच हात वर केलेला फोटो छापलेला. एक त्याला, एक जानरावांना. "मापाचं कळलं नाही, मोठाच घेतला," अनुपमाताई म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, अकोल्यात त्यांचे चाळीस चाहते आहेत."

बसमध्ये कुंदननं पिशवी आधी मांडीवर ठेवली, मग पायाशी, मग वर सामानात. मूर्तिजापूरला शेजारी बसलेल्या माणसानं मोबाइलमधून मान काढून विचारलं, "तुमी ते बेंजोवाले नाई का?" कुंदन म्हणाला, "नाई."

घरी रागिणीनं पिशवी उघडली. टी-शर्ट उलगडून पाहिला आणि पुन्हा घडी केली. तिला सगळं माहीत नव्हतं. पण तिनं विचारलं, "हे काका हात जोडून राह्यले का थांबवून राह्यले?"

"थांबवून."

"तुले दिसलं व्हतं?"

कुंदन बेंजोची चादर सोडायला लागला. रागिणीनं पिशवी त्याच्या हातात दिली. "हे घरात नको ठेवू," एवढंच म्हणाली.

सकाळी जानराव मळ्याच्या बांधावर सांबाराच्या जुड्या बांधत होते. गुडघ्यावर ओलं पोतं, तोंडात दोरीचं टोक.

"ये. अकोल्याले गेल्ता म्हने. चांगलं झालं नं?"

"झालं." कुंदन समोर उकिडवा बसला. पिशवीतून टी-शर्ट काढून त्यांच्यापुढं ठेवला. जानरावांनी हात पोत्याला पुसले, उलगडला, दूर धरून पाहिला.

"हा कोन? मी हाय का?"

"हो. त्यायनं पाठवला. त्यायले वाटते तुमी गाणं आयकून खुश झाले व्हते. म्या बी तसंच सांगतलं. शौकीन हायेत म्हनलं."

जानराव फोटोकडं पाहत राहिले.

"काका, आनखी एक हाय. मले दिसले व्हते तुमी."

"कवा?"

"त्याच टायमाले. पयले डोये मिटले व्हते. मंग उघडले. तुमाले पाह्यलं, वहिनीले पाह्यलं. मंग परत मिटले."

"काहून?"

"थोडंसंच राह्यलं व्हतं."

"किती?"

"अर्धा मिंट."

जानरावांनी टी-शर्टची घडी केली, चारही कोपरे जुळवून. मग पुन्हा जुडी घेतली, दोरी गुंडाळली, आवळली. दुसरी घेतली. तिसरी बांधताना म्हणाले, "वर्षाली तुले लय बोलून राह्यली व्हती त्या दिवशी. पोरगं म्हने, जाऊन बेंजो फोडतो. मी म्हनलो, नाई. त्याले दिसलं नाई. दिसलं असतं तं थांबला असता. आठ महिने हेच सांगून राह्यलो मी घरात." दोरी दातानं तोडली. "आता तू मोकया झाला. मी काय सांगू?"

कुंदननं सुटलेली एक काडी उचलून जुडीवर ठेवली.

"चाल," जानराव उठले. "तूच सांग."

ओसरीवर वर्षाली तांदूळ निवडत होती. कुंदननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. शेवटी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मले दिसलं व्हतं, भाऊजी. म्या दार लावत व्हती, तवा तुमी सरळ माह्याकडं पाह्यलं. बाबा आयकत नव्हते. म्हनत, तुले भास झाला." तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. सासरे खाली पाहत होते. "त्या अकोलेवाल्यायले सांगतलं का?"

"नाई."

"मंग लावा फोन."

त्यानं तिथंच लावला. अनुपमाताईंनी उचलला, आनंदानं काही बोलायला लागल्या. कुंदननं मधेच तोडून सांगितलं: ते काका खुश नव्हते, त्यांची बायको जाऊन पाच दिवस झाले होते, ते थांबा म्हणत होते, आणि मला दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, "कुंदनराव, आम्ही तो फोटो माडीवर लावलाय."

"काढा ताई."

"काढते." आणि मग, हळू, "आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या हो." फोन बंद झाला.

वर्षाली म्हणाली, "आता आमाले दाखवा."

"वहिनी, कायले उगाच."

"गावानं पाह्यला, जगानं पाह्यला. आमीच नाई पाह्यला. लावा."

जानराव खाटेवर बसले, कुंदन खाली पायरीवर, वर्षाली दाराशी, त्याच दाराशी. तिनं मोबाइल सुपाला टेकवून उभा केला आणि आवाज पुरा वाढवला. गाणं सुरू झालं. पुण्याची पोरं, जीप, शाळेची भिंत. जानराव पुढं वाकले. पडद्यावर स्वतः रस्त्यात उतरताना दिसले तेव्हा त्यांनी विचारलं, "इतका वाकलो का मी?" पडद्यावरचे जानराव हात वर करून उभे राहिले. बेंजो वर चढत गेला.

कुंदन पडद्याकडं पाहत नव्हता. खाली पायरीकडं पाहत होता. म्हणून त्याला उशिरा कळलं, की त्याच्या गुडघ्यावर ठेवलेल्या डाव्या हाताची बोटं चालू आहेत. एकेक सूर, बरोबर. अनामिका मागं सरकून नसलेली तार ओढत होती.

त्यानं वर पाहिलं. जानराव मोबाइलकडं पाहत नव्हते, त्याच्या बोटांकडं पाहत होते.

कुंदननं हात झटकन मांडीखाली घेतला.

"लपवू नोको," जानराव म्हणाले. "दिसलं मले."